बाईकला काच लावताय? आधी हेल्मेटची काच बघा

नोव्हेंबर संपत आला आणि पहाटे जरा गारवा जाणवायला लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गाडीवर छातीला वारा फार लागतो. पुढे काच बसवून घेऊ का? कंपनीची महाग आहे, बाहेरची स्वस्तात मिळतेय." विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. कोणी परळहून रोज अंधेरीला जातं, कोणी कुरिअरचं काम करतं, कोणी पहाटे चारला दादरच्या फुलबाजारातून माल उचलून उपनगरात पोचवतं. प्रश्न विचारताना ते थोडे संकोचतात. गाडीच्या सामानाबद्दल डॉक्टरला काय विचारायचं, असं त्यांना वाटतं. पण वाऱ्यामुळे डोळे, कान, मान यांच्या ज्या तक्रारी होतात त्या शेवटी माझ्याच टेबलावर येतात. म्हणून यावर मला मत आहे आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

थोडक्यात सांगायचं तर, शहरातल्या शहरात गाडी चालवणाऱ्याला बाईकच्या पुढच्या काचेची गरज जवळजवळ नसते. त्याला गरज असते ती हेल्मेटच्या चांगल्या, स्वच्छ, पूर्ण खाली येणाऱ्या काचेची. नियमित हायवेने जाणाऱ्याला पुढची काच खरंच उपयोगी पडते. ती स्वस्तातली घ्यायलाही हरकत नाही, पण तिची उंची, तिचं प्लास्टिक आणि तिच्या कडा बघून. हेल्मेटचे पैसे वाचवून काच लावणं मात्र उलटा व्यवहार आहे. असं करणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

आधी छातीचं बघू. "वारा छातीत बसला" हे आपण आजी-आजोबांपासून ऐकत आलोय. शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून स्कूटर चालवणारे काका तुम्हीही पाहिले असतील. त्याने ऊब मिळते हे खरं, वेडेपणा म्हणून हसण्यासारखं त्यात काही नाही. पण न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, छातीवर वारा आपटल्यामुळे नाही. बरगड्या, स्नायू आणि कातडी यांच्या पलीकडे असलेल्या फुप्फुसाला बाहेरचा वारा शिवतही नाही. फुप्फुसात हवा जाते ती नाकातोंडातून. ज्यांना दमा आहे त्यांना थंड, कोरड्या हवेने धाप लागू शकते, हे अगदी खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क आणि वेळेवर घेतलेला इन्हेलर. काच लावली म्हणून तुम्ही श्वासात घेता ती हवा गरम होत नाही. स्वच्छही होत नाही. ट्रकच्या धुरातले सूक्ष्म कण काचेला वळसा घालून तुमच्यापर्यंत आरामात येतात. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

दुसरी भीती तोंड वाकडं होण्याची. "रात्री गाडीवर वारं लागलं आणि सकाळी तोंड वाकडं झालं" असं सांगणारे पेशंट येतात. याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याच्या स्नायूंना चालवणारी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. तिथे तिला सूज आली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. ही सूज बऱ्याचदा शरीरात आधीपासून दडून बसलेल्या विषाणूमुळे येत असावी असं मानलं जातं. वाऱ्यामुळेच ती येते असा भक्कम पुरावा नाही. डायबेटिस असलेल्यांमध्ये आणि गरोदरपणात हा त्रास जास्त दिसतो. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: स्टेरॉईडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. म्हणून गरम वाळूने शेकत आठवडा घालवू नका. आणि चेहऱ्याबरोबर हात-पाय लुळा पडला असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, किंवा चेहऱ्याचा खालचा भाग वाकडा पण कपाळावर आठ्या दोन्ही बाजूंना नीट पडत असतील, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा माझ्याकडेही येऊ नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

वाऱ्याचा खरा मार बसतो तो डोळ्यांवर, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

आपल्या बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. दर मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटते आणि तो थर पुन्हा पसरवते. रस्त्यावर लक्ष एकवटलं की पापण्या कमी मिटतात. वरून वारा, त्यामुळे थर भराभर सुकतो. मग डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि गंमत म्हणजे उलट जास्त पाणी गळायला लागतं. "डॉक्टर, डोळे कोरडे कसे असतील, पाणी तर वाहतंय!" हे मी नेहमी ऐकतो. कोरडेपणाने डोळा चिडतो आणि मग एकदम पातळ पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावरून वाहून जातं.

वर्षानुवर्षं ऊन, धूळ आणि वारा खाल्ला तर पांढऱ्या बुबुळावरून काळ्या बुबुळाकडे एक मांसल पडदा सरकत येतो. लोक म्हणतात "डोळ्यात मांस वाढलंय", आम्ही टेरिजियम म्हणतो. शेतकरी, मच्छीमार, बांधकाम मजूर यांच्यात तो नेहमीचा. आता मला तो दिवसभर दुचाकीवर असणाऱ्यांतही दिसतो. लालबागचे एक पेशंट गेली वीस वर्षं पार्सल पोचवतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने पडदा आलाय. त्यांनी गाडीला भलीमोठी काच लावलीय आणि डोक्यावर आहे अर्धं हेल्मेट, टोपीसारखं, विनाकाचेचं. "पुढे काच आहे ना," असं त्यांचं म्हणणं. पण ती काच संपते त्यांच्या छातीशी. तिथून वर चढलेला वारा नेमका डोळ्यांवर जातो.

आणि कण! मुंबई गेली काही वर्षं सतत खोदली, पाडली आणि बांधली जातेय. मेट्रो झाली, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतला, जुन्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. सिमेंटची भुकटी, वाळू, ग्राइंडरची लोखंडी किस हे सगळं हवेत असतं आणि समोरचा डंपर ते उडवत असतो. डोळ्यात असं काही गेलं तर चोळू नका. गाडी बाजूला घ्या, पापणी भराभर मिटा आणि स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा भरपूर धुवा. मित्राने रुमालाचं टोक पिळून कण काढणं, दूध घालणं, मध घालणं, गुलाबपाणी टाकणं यातलं काहीही करू नका. सगळ्यात वाईट म्हणजे केमिस्टकडून "लाल डोळ्याचे ड्रॉप्स" म्हणून स्टेरॉईडचे थेंब आणणं. बुबुळावर जखम असताना ते थेंब घातले तर बुरशीचा संसर्ग फोफावतो. त्यातून पांढरा डाग राहून नजर कायमची जाऊ शकते. खुपणं काही तासांत थांबलं नाही, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लोखंडाचा कण बुबुळात रुतून बसला तर एका दिवसात त्याभोवती गंज चढतो. तो खरवडून काढावा लागतो.

हे सगळं टाळणारी वस्तू म्हणजे तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट आणि त्याची खाली केलेली काच. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. तरी फूटपाथवर नुसता स्टिकर चिकटवलेली हेल्मेटं सर्रास मिळतात. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. पट्टा लावलेला असेल तर. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेच्या क्षणी डोक्याच्या आधी उडतं.

हेल्मेटची काच चरे पडून धुरकट झाली की लोक ती वर करून गाडी चालवतात. मग ती असून नसल्यासारखीच. नवी काच सुटी मिळते आणि पूर्ण हेल्मेटच्या मानाने फार स्वस्त असते. बदला ती. काळी किंवा आरशासारखी चमकणारी काच दिवसा झोकात दिसते, रात्री ती नको. पन्नाशीनंतर डोळ्याच्या भिंगात थोडा गढूळपणा येतोच. समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यात फाकतो. त्यावर काळी काच आणि चरे म्हणजे माहीमच्या कॉजवेवर समोरून येणाऱ्या हेडलाइटपुढे पूर्ण आंधळेपणा.

आता गाडीच्या काचेकडे येऊ. दादरहून लोअर परळला जाताना हिंदमाता ते परळ नाका तुमचा वेग किती असतो? विशीत, फार तर तिशीत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० वरून ८० वर गेलात तर तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. विशीत तो नगण्य असतो. उलट मुंबईच्या दमट एप्रिल-मे मध्ये अंगाला लागणारा वारा हाच घाम सुकवून शरीर थंड ठेवतो. मोठी काच तो अडवते आणि इंजिनची धग मात्र आत राहते. सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा मुंबईत त्या वेगाची संधीही फारशी नाही.

मात्र तुम्ही गणपतीला पनवेल, पेण, माणगाव, महाड करत, कशेडी ओलांडून गावाला बाईकने जाणारे असाल, तर गोष्ट वेगळी. एक्सप्रेस वेवर दुचाकीला मनाई असल्याने जुन्या हायवेने पुण्याला दर आठवड्याला जाणारेही यात आले. तासन्‌तास वारा छातीला मागे ढकलत असतो. तुम्ही हँडल घट्ट धरून त्याला तोंड देता आणि मान पुढे काढता. पाच-सहा तासांनी खांदे, मान आणि मनगटं भरून येतात. थकलेला माणूस ब्रेक उशिरा लावतो. इथे छोटी काच छातीवरचा भार काढते आणि फरक खरोखर जाणवतो. पुढच्या टायरखालून उडणारी खडी, संध्याकाळची पाखरं यांचाही मार कमी होतो.

स्वस्तातली घ्यायला मी नाही म्हणत नाही. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत काचा मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे ढीग असतो. दुकानदार सगळ्यांनाच "फायबर" म्हणतो. त्यात मुख्यतः दोन प्लास्टिकं असतात. अ‍ॅक्रिलिक छान पारदर्शक असतं, त्यावर चरे कमी पडतात, पण ते ठिसूळ. धडकेत त्याचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट चिवट, वाकतं पण सहसा फुटत नाही, मात्र त्यावर चरे लवकर पडतात. डॉक्टर म्हणून मला चऱ्यांपेक्षा तुकड्यांची भीती जास्त. पडलेला चालक पुढे फेकला जातो आणि त्याच्या वाटेत पहिल्यांदा ही काचच येते. गळा आणि जबडा तिथेच असतो. म्हणून पॉलीकार्बोनेटच घ्या, आणि ते वस्तूवर किंवा बिलावर लिहिलेलं असेल तरच विश्वास ठेवा. कडा बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत, गोलसर घासलेल्या हव्यात. करवतीने कापून तशीच सोडलेली कड असेल तर परत द्या.

एक सोपी परीक्षा दुकानातच करा. काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराची चौकट बघा. चौकट सरळ दिसली पाहिजे. लाटांसारखी हलली तर त्या काचेतून रस्ताही तसाच दिसेल आणि तासाभरात डोकं दुखायला लागेल.

उंचीच्या बाबतीत लोक सर्वात जास्त फसतात. जितकी उंच तितकं संरक्षण, असं वाटतं. तसं नाही. तुम्ही काचेच्या वरून बघितलं पाहिजे, काचेतून नाही. जोरदार पावसात चरे पडलेल्या प्लास्टिकवर थेंब आणि त्यावर समोरच्या ट्रकचा दिवा, म्हणजे काही दिसत नाही. हेल्मेटची काच हाताने पुसता तरी येते, समोरची पुसायला हात पोचत नाही. गाडीवर नेहमीसारखे बसा, समोर पंधरा-वीस मीटरवरचा रस्ता बघा. काचेची वरची कड त्या नजरेच्या बरीच खाली, हनुवटीच्या आसपास राहिली पाहिजे. विकत घेण्याआधी त्या मापाचा पुठ्ठा कापून उभ्या गाडीवर चिकटपट्टीने लावून बघा, म्हणजे अंदाज येईल. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. काच टाकीला, हाताला किंवा क्लचच्या वायरीला अडता कामा नये. हेडलाइट आणि इंडिकेटर झाकता कामा नयेत.

आणि कान. हायवेच्या वेगाला इंजिनपेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा असतो. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत तो १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. चुकीच्या उंचीची काच हा आवाज वाढवते, कारण तिच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे घेत नेमका हेल्मेटवर आपटतो आणि डोकं थरथरतं. नवी काच लावल्यावर मान आखडायला लागली, कानात शिट्टी वाजायला लागली, तर एक दिवस ती काढून तोच रस्ता तेवढ्याच वेगाने जाऊन बघा. काचेशिवाय शांत वाटलं तर दोष काचेचा. खाली घ्या, कोन बदला, नाहीतर विकून टाका. लांबच्या प्रवासाला फोमचे साधे इयरप्लग घालायला हरकत नाही, हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

संक्रांतीच्या आधी काही जण मांजासाठीही काच लावतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि माणसं मारतो. डिसेंबर २०२३ मध्ये वाकोला पुलावर ड्युटी संपवून घरी निघालेल्या एका पोलीस कर्मचाऱ्याचा त्याने जीव घेतला. पण मागे झुकलेल्या बुटक्या काचेवरून दोरा घसरत वर, गळ्याकडेच येऊ शकतो. गुजरातेत हँडलला तारेची उंच कमान लावतात, ती जास्त कामाची. ते जमणार नसेल तर जानेवारीत गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळा, हेल्मेटचा हनुवटीचा भाग असू द्या आणि पुलांवर वेग कमी ठेवा.

शेवटी शाळा सुटायच्या वेळेचं बोलतो, कारण शिवाजी पार्कच्या आजूबाजूला हे रोज दिसतं. स्कूटरला पुढे काच लावलेली, बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि पायांपाशी चार-पाच वर्षांचं पोर उभं, बोडक्या डोक्याने, काचेला नाक लावून. विचारलं तर उत्तर येतं, "याच्यासाठीच तर काच लावलीय, याला सर्दी होते फार." सर्दी विषाणूने होते, शाळेतल्या दुसऱ्या मुलाकडून. पण अचानक ब्रेक लागला तर त्या मुलाचा चेहरा सगळ्यात आधी या काचेच्या वरच्या कडेवर आपटतो. त्याच्या उंचीला ती कड नेमकी दातांपाशी किंवा डोळ्यांपाशी येते. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी केंद्राने २०२२ मध्ये नियम केले: चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० पेक्षा जास्त वेग नाही. लहान मुलांची हेल्मेटं मिळतात. घेताना मुलाला सोबत न्या. डोकं हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. "मोठा होईल, मग बसेल" म्हणून एक नंबर मोठं घेऊ नका. आणि मुलाला मागे बसवा, पट्ट्याने बांधून. पाय फूटरेस्टला पोचत नसतील, तर ते पोचेपर्यंत शाळेत चालत, बसने किंवा टॅक्सीने न्या.